नाडी, भाषा आणि टॉमस यंग

तौलनिक भाषाभ्यासात 'इंडो-युरोपियन' ही संज्ञा आपण इतक्या सहजपणे वापरतो, की तिलाही कोणी एक जनक असेल हा विचार क्वचितच मनात येतो. मराठीत तिचे 'भारोपीय' असे सुटसुटीत रूप झाले आणि ती आपलीच होऊन बसली. ही संज्ञा प्रथम छापली गेली ती १८१३ साली, लंडनहून निघणाऱ्या 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' या नियतकालिकातील एका निनावी ग्रंथपरीक्षणात. परीक्षणकर्ता कोणा विद्यापीठातील भाषापंडित नव्हता. तो लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातील वैद्य होता, आणि पाचच वर्षांपूर्वी त्याने रॉयल सोसायटीपुढे हृदय व रोहिण्या यांच्या कार्यावर एक व्याख्यान दिले होते.

टॉमस यंग याची कीर्ती ज्ञानशाखांनी आपापसांत वाटून घेतलेली आहे. भौतिकीच्या विद्यार्थ्याला तो प्रकाशाच्या तरंगरूपाचा पुरस्कर्ता म्हणून ठाऊक असतो. अभियंत्याला पदार्थाच्या स्थितिस्थापकतेचा 'यंगचा गुणांक' ठाऊक असतो. इजिप्तच्या अभ्यासकाला तो शांपोल्यॉचा प्रतिस्पर्धी म्हणून, आणि आपणा भाषा-साहित्याच्या अभ्यासकांना फार तर त्या एका शब्दापुरता. तो आयुष्यभर ज्या व्यवसायावर जगला त्या वैद्यकात मात्र त्याचे नाव दीर्घकाळ कोणी फारसे घेतले नाही. ही उपेक्षा अन्यायाची आहे, एवढेच म्हणून भागणार नाही. त्याच्या विचारपद्धतीचे बळ आणि तिची मर्यादा ही दोन्ही त्याच्या रोहिणीविषयक कामाशी त्याचे भाषाविषयक काम ताडून पाहिल्याखेरीज नीट कळत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

यंगचा जन्म १३ जून १७७३ रोजी इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील मिल्व्हर्टन या गावी झाला. घराणे क्वेकर पंथाचे, वडील कापडाचा व्यापार व सावकारी करणारे, आणि दहा भावंडांत हा थोरला. बालपणाचा बराच काळ त्याने आजोळी काढला. दुसऱ्या वर्षी तो वाचू लागला आणि चौथ्या वर्षापर्यंत त्याचे बायबल दोनदा वाचून झाले होते, अशी हकीकत त्याच्या चरित्रांतून येते. अशा बालचमत्कारांच्या गोष्टी आपल्याकडील संतचरित्रांतही पुष्कळ असतात व त्या जरा हात राखूनच घ्यावयाच्या असतात. पण चौदाव्या वर्षाच्या सुमारास लॅटिन व ग्रीक यांखेरीज फ्रेंच, इटालियन, हिब्रू, सिरियाक, अरबी, फारसी व तुर्की या भाषांशी त्याने परिचय करून घेतला होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १७८७ ते १७९२ ही पाच वर्षे त्याने हर्टफर्डशायरमधील बार्क्ले कुटुंबात घालविली. त्या घरचा नातू हडसन गर्नी याचा तो सोबती व एका अर्थी शिक्षक होता. पुढे याच गर्नीने मित्राची स्मृती जपली.

वैद्यकाकडे तो वळला तो आईच्या मामामुळे. डॉक्टर रिचर्ड ब्रॉकल्सबी हे लंडनमधील मोठे वैद्य. एडमंड बर्क, सॅम्युएल जॉन्सन अशा मंडळींत त्यांचा वावर असे, आणि या बुद्धिमान नातवाने आपला व्यवसाय चालवावा अशी त्यांची इच्छा होती. १७९२ मध्ये यंग लंडनला आला, आणि पुढल्याच वर्षी, वयाची विशी उलटण्याच्या सुमारास, डोळा जवळच्या व दूरच्या वस्तूंशी कसा जुळवून घेतो या विषयावरील त्याचा निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. १७९४ साली, म्हणजे एकविसाव्या वर्षी, तो त्या संस्थेचा सदस्य झाला. मग एडिंबरो आणि तेथून जर्मनीतील ग्यॉटिंगेन. एडिंबरोस त्याने नृत्य, संगीत व नाटके यांची गोडी लावून घेतली आणि क्वेकर पंथाचे निर्बंध हळूहळू टाकून दिले.

ग्यॉटिंगेन येथे १७९६ साली त्याने वैद्यकाची पदवी मिळविली. प्रबंधाचा विषय मानवी शरीराच्या रक्षक शक्ती हा होता. पण आपल्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की या वैद्यकीय प्रबंधाला त्याने मानवी कंठातून निघणारे सर्व ध्वनी लिहिता यावेत अशी सत्तेचाळीस चिन्हांची एक सार्वत्रिक वर्णमाला जोडली. ही संख्या आपल्या वर्णमालेच्या आसपास जाते. त्या साम्यावरून अनुमान काढण्याचा मोह मात्र टाळावा. ध्वनी हे त्याच्या लेखी प्रथम शरीराचे कार्य होते, भाषा त्यानंतर. कंठातील हवेची कंपने, तारेची कंपने, पुढे प्रकाशाची आणि त्यानंतर रक्ताची, असा त्याच्या चिंतनाचा क्रम दिसतो, आणि तो वाटतो तितका विस्कळीत नाही.

लंडनमध्ये व्यवसाय करण्यासाठी वैद्य महाविद्यालयाचे नियम आड आले, म्हणून तो १७९७ मध्ये केंब्रिजच्या इमॅन्युएल महाविद्यालयात दाखल झाला. तेथे त्याला थट्टेने 'फिनॉमिनन यंग', म्हणजे चमत्कारी यंग, म्हणत. त्याच वर्षअखेरीस ब्रॉकल्सबी वारले. त्यांनी आपले लंडनचे घर, ग्रंथ, चित्रे आणि सुमारे दहा हजार पौंड त्याच्या नावे ठेविले होते. पोटापाण्याची चिंता त्याला पुढे कधी फारशी पडली नाही, आणि कदाचित म्हणूनच एका विषयाशी खिळून राहण्याची सक्तीही झाली नाही.

१८०१ साली नव्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो प्राध्यापक झाला व दोन वर्षांत त्याने एक्याण्णव व्याख्याने दिली. ती १८०७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाली. प्रकाशाच्या दोन लाटा एकमेकींना पुष्ट करतात किंवा मारूनही टाकतात हा त्याचा सिद्धान्त याच काळातला. तो प्रसिद्ध आहे. येथे त्याचा विस्तार नको. 'एडिंबरो रिव्ह्यू'मध्ये हेन्री ब्रूम याने या सिद्धान्तावर अत्यंत कडवट टीका केली, आणि यंगने उत्तरादाखल छापलेल्या पुस्तिकेची केवळ एक प्रत खपली असे सांगतात. फ्रान्समध्ये फ्रेनेलने तोच विचार स्वतंत्रपणे व अधिक पद्धतशीर गणिताने मांडला, तेव्हा कोठे यंगच्या म्हणण्याला वजन आले.

१८०३ मध्ये त्याने रॉयल इन्स्टिट्यूशन सोडली. वैद्याने इतरत्र फार मन घालू नये, असे करणाऱ्या वैद्यावर रोग्यांचा विश्वास बसत नाही, ही त्या काळची समजूत होती, आणि यंगने ती निमूटपणे मान्य केली. १८०४ साली एलायझा मॅक्सवेल हिच्याशी त्याचा विवाह झाला. यानंतर वैद्यकाबाहेरचे आपले लेखन तो पुष्कळदा निनावी छापू लागला. 'इंडो-युरोपियन' शब्दाचा जनक इतका काळ अज्ञात राहिला याला नियतकालिकाची रीत कारण आहेच. परंतु रोग्यांपासून आपली विद्वत्ता लपवू पाहणाऱ्या एका वैद्याचे संकोचही त्यामागे आहेत.

१८०८ हे वर्ष या चरित्रात मध्यवर्ती आहे. त्या वर्षी केंब्रिजची वैद्यकातील सर्वोच्च पदवी त्याला मिळाली, आणि त्याच वर्षी त्याने क्रूनियन व्याख्यान दिले. विल्यम क्रून हा सतराव्या शतकातील वैद्य. त्याच्या नावे चालणाऱ्या या व्याख्यानाचा नेमलेला विषय स्नायूंची हालचाल हा असे. यंगने निवडले हृदय व रोहिण्या. गंमत अशी, की स्नायूंवरील त्या व्याख्यानात त्याने मुख्यतः सिद्ध केले ते हे, की रोहिण्यांच्या भिंतीतील स्नायूंचा रक्त पुढे ढकलण्याशी फारसा संबंध नाही.

हा वाद जुना होता. हृदय रक्त फिरविते हे विल्यम हार्वीने १६२८ मध्ये दाखवून दिले होते. टेडिंग्टनचा धर्मोपदेशक स्टीफन हेल्स याने घोडीच्या रोहिणीला काचेची उंच नळी जोडून तीत रक्त किती चढते ते मोजले. ते आठ फूट तीन इंच चढले. १७३३ साली प्रसिद्ध झालेले हे मापन म्हणजे रक्तदाबाचे पहिले मापन होय. हृदय तर थांबून थांबून रक्त फेकते, मग शेवटच्या बारीक वाहिन्यांत प्रवाह अखंड कसा राहतो, या प्रश्नावर हेल्सने आगीच्या बंबातील हवेच्या टाकीची उपमा दिली होती. पंप झटक्याने पाणी भरतो, टाकीतील दबलेली हवा त्याचा धक्का सोसून घेते, आणि पाणी सलग धारेने बाहेर पडते. महारोहिणीची लवचीक भिंत हेच करते: हृदयाच्या आकुंचनाबरोबर फुगते, साठा करते, आणि हृदय विसावत असता तो साठा पुढे सोडते. पण रोहिण्या स्वतःच हृदयाप्रमाणे आवळून रक्त पुढे नेतात, असे मानणारेही पुष्कळ वैद्य होते, व नाडी म्हणजे तेच आवळणे अशी त्यांची कल्पना होती.

नाडीविषयी आपल्याकडे वेगळी परंपरा आहे. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या गतींना सर्प, जळू, बेडूक, हंस यांच्या चालींच्या उपमा आहेत. बोटाला जाणवणारा सूक्ष्म भेद शब्दांत धरण्याचा तो प्रयत्न आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे उपमांच्या दृष्टीनेही पाहावे इतका तो सुंदर आहे. यंगचा मार्ग याच्या उलट. त्याला नाडीची चाल कशी वाटते हे सांगावयाचे नव्हते. ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी किती वेगाने पोहोचावी, हे त्याला गणिताने काढावयाचे होते.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे. मनगटाशी जाणवणारा ठोका म्हणजे हृदयातून त्या क्षणी निघालेले रक्त मनगटाशी येऊन थडकणे नव्हे. रक्त स्वतः त्या मानाने पुष्कळच हळू वाहते. धावते ती लाट. दोरीचे एक टोक झटकले असता लाट दुसऱ्या टोकाला पोहोचते, दोरी मात्र हातातच राहते. तसेच येथे घडते. लवचीक नळीत भरलेल्या द्रवातून जाणाऱ्या अशा लाटेचा वेग नळीच्या भिंतीच्या ताठरपणावर अवलंबून असतो. भिंत मऊ तर लाट संथ, भिंत ताठ तर लाट वेगवान. न्यूटनने हवेतील ध्वनीच्या वेगासाठी जे तर्कशास्त्र वापरले, तेच यंगने रोहिणीला लावले, आणि त्यासाठी लागणारे स्थितिस्थापकतेचे माप तर त्याने आदल्याच वर्षी आपल्या ग्रंथात दिले होते. पदार्थ ओढला असता किती ताणला जातो, याचा जो गुणांक आज पूल बांधणारे वापरतात, त्याचा उपयोग त्याच्या जनकाने इतक्या लवकर मानवी रोहिणीसाठी केला, ही गोष्ट अभियांत्रिकीच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही. रक्ताच्या वाटेतील विरोधाचा मोठा भाग थोरल्या रोहिण्यांत नसून अगदी बारीक वाहिन्यांत आहे, हेही त्याने हिशेबाने काढले; आणि हिशेबाला आधार घेतला तो हेल्सच्या मापनांचा.

या व्याख्यानाचा समकालीन वैद्यकावर जवळजवळ काहीच परिणाम झाला नाही. याचा थोडा दोष यंगकडे जातो. त्याचे लेखन कमालीचे आखडलेले असते. मधल्या पायऱ्या तो गाळतो, सूत्रे शब्दांत गुंडाळतो, आणि वाचकही आपल्याइतकाच चटकन समजणारा आहे असे गृहीत धरतो. वैद्यांना गणित कळत नव्हते आणि गणित्यांना रोहिण्यांशी कर्तव्य नव्हते. शिवाय नाडीची लाट कागदावर उमटवील असे साधन त्या वेळी नव्हते.

साधन पुढे आले, आणि त्याच्या इतिहासात एक भारतीय धागा आहे. १८६० मध्ये फ्रान्सच्या मारे याने नाडीची लाट रेखाटणारे यंत्र प्रचारात आणले. लंडनच्या गाय रुग्णालयात ते यंत्र हाती घेऊन त्यात सुधारणा करणारा तरुण वैद्य म्हणजे फ्रेडरिक अकबर महोमेद. पाटण्यास जन्मलेल्या आणि १७९४ साली इंग्रजीत आपले प्रवासवर्णन प्रसिद्ध करणाऱ्या दीन महोमेद याचा हा नातू. भारतीयाने इंग्रजीत लिहिलेल्या पहिल्या ग्रंथाचा कर्ता म्हणून आजोबा आपल्या अभ्यासात येतात, नातू येत नाही. मूत्रपिंडाचा विकार नसतानाही रक्तदाब चढलेला असू शकतो, माणूस हिंडता-फिरता असतानाच तो चढतो व मग रोहिण्या आणि मूत्रपिंडे बिघडवितो, हे महोमेदने १८७० नंतरच्या दशकात दाखवून दिले. विषमज्वराने १८८४ मध्ये तो गेला, तेव्हा त्याचे वय अवघे पस्तीस वर्षांचे होते. दरम्यान १८७८ साली हॉलंडमध्ये मुन्स आणि कोर्टवेग यांनी लवचीक नळीतील लाटेच्या वेगाचे सूत्र पक्के केले. आज ते त्या दोघांच्या नावाने चालते, परंतु त्याचे बीज १८०८ च्या व्याख्यानात आहे.

पुढील इतिहास येथे दोन शब्दांत सांगितला तरी चालेल. रीव्हा-रोच्ची याने १८९६ मध्ये दंडाभोवती पट्टा आवळून दाब मोजण्याची रीत दिली, १९०५ मध्ये कोरोत्कॉफने तिला श्रवणनळीची जोड दिली, आणि दाबाचा आकडा मिळू लागताच रोहिणीची भिंत विस्मरणात गेली. उतारवयात वरचा दाब चढणे स्वाभाविक आहे, त्याला हात लावू नये, असे शिकविणारे वैद्य विसाव्या शतकात बराच काळ होते. खरे कारण भिंतीतच होते. महारोहिणी ताठरली की तिची बंबाच्या टाकीसारखी धक्का सोसण्याची शक्ती जाते. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर दाब उंच उसळतो व विश्रांतीच्या वेळी खाली कोसळतो. दूरच्या फाट्यांवरून परतणारी लाटही वेगवान होते आणि हृदयाचे आकुंचन संपण्यापूर्वीच परत येऊन त्याच्यावरील ओझे वाढविते. साठीपुढील माणसांचा हा एकटा वाढलेला वरचा दाब औषधाने उतरविला, तर पक्षाघाताचे प्रमाण तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटते, असे १९९१ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. २००१ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखविले, की रक्तदाबाच्या रोग्यांत नाडीच्या लाटेचा वेग हा मृत्यूच्या धोक्याचा स्वतंत्र निदर्शक आहे. आणि २०१२ साली युरोपातील तज्ज्ञांनी मान व जांघ यांमधील रोहिणीमार्गावर सेकंदाला दहा मीटर ही धोक्याची मर्यादा सुचविली. मीठ कमी करा, तंबाखू सोडा, चालत जा, दाब वेळीच उतरवा, या उपदेशामागे आज नाडीच्या वेगाचेही एक प्रमाण उभे आहे. यंगने रोहिणीकाठिण्याचा हा सारा विचार केला होता असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. त्याने भिंतीचा ताठरपणा आणि लाटेचा वेग यांचा संबंध दाखविला; भिंत वर्षानुवर्षे ताठरत जाते आणि ते ताठरणे अडविता येते, हे ओळखण्याचे काम इतरांचे.

१८११ मध्ये तो सेंट जॉर्जेस रुग्णालयात वैद्य म्हणून निवडला गेला आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर होता. त्याचा खाजगी व्यवसाय मात्र कधीच फार वाढला नाही. वैद्यकीय वाङ्मयाचा परिचय करून देणारा त्याचा ग्रंथ १८१३ सालचा, क्षयावरील १८१५ सालचा. दोन्ही ग्रंथ पाठांतर करणाऱ्यापेक्षा सूची करणाऱ्याच्या उपयोगाचे अधिक आहेत.

याच १८१३ सालात ते परीक्षण येते. परीक्षणाचा ग्रंथ होता आडेलुंग याचा 'मिथ्रिडाटेस', ज्यात सुमारे पाचशे भाषा-बोलींतील ख्रिस्ती प्रार्थनेचा नमुना देऊन जगातील भाषांचे वर्णन करण्याचा प्रयत्न होता. सर विल्यम जोन्स याने १७८६ साली कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे एकमूलत्व सुचविले होतेच. यंगने जगातील भाषांची शब्दसाम्यावरून कुळे पाडली व त्यांतील एका विस्तीर्ण कुळाला पूर्व आणि पश्चिम अशा दोन टोकांच्या प्रदेशांवरून नाव दिले. जर्मन विद्वानांत 'इंडो-जर्मानिक' ही संज्ञा दीर्घकाळ रूढ होती. तिच्या तुलनेत यंगच्या नावात कोणा एका राष्ट्राचा अभिमान नाही, हा त्याचा मोठा गुण. पण नाव यंगचे असले तरी शास्त्र त्याचे नव्हे. ते उभे राहिले १८१६ साली, फ्रान्त्स बोप याने संस्कृत क्रियापदांची रूपव्यवस्था ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मानिक रूपांशी ताडून पाहिली तेव्हा. यंग शब्द मोजीत होता. बोपने व्याकरण उलगडले.

शब्द मोजण्याची ही ओढ पुढे कोठवर गेली हे १८१९ च्या त्याच्या एका निबंधात दिसते. निरीक्षणांतील चुकांच्या संभाव्यतेवरील या गणिती निबंधात त्याने मध्येच भाषांचा प्रश्न घेतला आहे. दोन भाषांत तीन शब्द अर्थासह जुळले तर ते एका मूळ भाषेतून आले असण्याची, किंवा अन्य मार्गाने एकीकडून दुसरीकडे गेले असण्याची, शक्यता दहास एक याहून अधिक. सहा जुळले तर सतराशेस एक. आठ जुळले तर जवळजवळ लाखास एक. असा हिशेब मांडून त्याने बास्क भाषेतील सहा शब्द प्राचीन इजिप्तच्या भाषेशी जुळविले, आणि फार पूर्वी इजिप्तमधून स्पेनमध्ये वसाहत झाली असावी या मताकडे तो झुकला. हे मत टिकले नाही. गणित चुकले नव्हते. जुळणारे शब्द हवे तसे वेचता येतात, शब्द उसने घेतले जातात, झिजतात, अर्थ बदलतात, आणि दोन शब्द सारखे दिसणे म्हणजे ते सारखे असणे नव्हे, याचा हिशेब त्यात धरलेला नव्हता. रोहिणीच्या बाबतीत त्याची पद्धत फळाला आली, कारण तेथे एका क्षणीच्या भिंतीचा आणि एका लाटेचा प्रश्न होता. भाषेत क्षण सुटा करून घेता येत नाही. शब्दसाम्याच्या याद्या करून द्राविडी, मुंडा आणि आर्य भाषांचे नाते झटपट जुळवू वा तोडू पाहणारे लेखन आपल्याकडेही अधूनमधून होत असते; त्या लेखकांनी हा निबंध अवश्य वाचावा. त्यांच्यापैकी कोणीही यंगइतके चांगले गणित केलेले नाही.

रोझेटा शिलेवरील त्याच्या कामाची गोष्ट वारंवार सांगितली गेली आहे. १८१४ पासून तो तिच्यामागे लागला. लंबवर्तुळाकार चौकटीतील टॉलेमीचे नाव त्याने बऱ्याच अंशी बरोबर लावले, आणि लोकव्यवहारातील डेमॉटिक लिपीत चित्रलिपीतून उतरलेली चिन्हे व ध्वनिचिन्हे मिसळलेली आहेत हे ओळखले. 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'च्या पुरवणीतील त्याचा इजिप्तविषयक लेख १८१९ मध्ये निघाला. १८२२ साली शांपोल्यॉने चित्रलिपीची किल्ली जगापुढे ठेविली आणि यंगचे ऋण पुरेसे मानले नाही. शांपोल्यॉ कॉप्टिक भाषेत अक्षरशः जगत होता. यंगला त्या सुमारास नाविक पंचांगाचे काम पाहावयाचे होते, ब्रिटानिकासाठी साठाहून अधिक लेख लिहावयाचे होते, लंबकाची लांबी ठरविणाऱ्या आयोगाचे चिटणीसपद सांभाळावयाचे होते. १८२४ पासून एका विमा कंपनीच्या आयुर्मानाचे हिशेबही त्याच्याकडे आले, आणि वयागणिक मृत्यूचे प्रमाण कसे वाढते याचे एक सूत्र त्याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केले. १८२७ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने आपल्या आठ परदेशी सदस्यांत त्याची निवड केली.

१८२९ च्या प्रारंभी त्याला दम्यासारखा त्रास होऊ लागला. श्वास पुरेना, शक्ती झपाट्याने गेली. डेमॉटिक लिपीतील शब्दांच्या कोशाची मुद्रिते तेव्हा चालू होती. अंथरुणावर बसून तो ती तपाशी, आणि लेखणी धरवेनाशी झाली तेव्हा त्याने शिसपेन घेतली. १० मे १८२९ रोजी, छप्पन्नावे वर्ष पुरे होण्याच्या महिनाभर आधी, लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. मूलबाळ नव्हते.

शवपरीक्षेत महारोहिणी कठीण, अस्थिवत झालेली आढळली. तो बदल पुष्कळ वर्षे चाललेला असावा, आणि बालपणापासून बुद्धीला विश्रांती न दिल्यामुळे ही अकाली वार्धक्याची खूण उमटली असावी, असा समज हडसन गर्नीने लिहिलेल्या स्मृतिलेखात नमूद आहे. बौद्धिक श्रमांनी महारोहिणी कठीण होते असे आज कोणी वैद्य म्हणणार नाही. त्याचा रक्तदाब किती होता हे कळण्याचा मार्ग नाही, कारण जिवंत माणसाचा दाब रोहिणी न छेदता मोजण्याचे साधन त्यानंतर कित्येक दशकांनी आले. केंट परगण्यातील फार्नबरो येथे त्याचे दफन झाले, आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या नावाची शिला बसविण्यात आली. कोश मात्र त्याच्या पश्चात, टॅटमच्या कॉप्टिक व्याकरणाला जोडून, छापून बाहेर पडला.